धाकट्याच्या गोळ्या

प्रिय ताई,

पत्र हातात पडलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. ह्या वेळी तेवढं करू नकोस. चष्मा शोध आणि पहिल्यापासून नीट वाच. फोन का केला नाहीस म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक वाक्य पुरं करेपर्यंत भावोजींची साखर, समोरच्यांचं भांडण आणि तुझा गुडघा ह्या सगळ्यांची खबरबात देऊन तू मोकळी होतेस, आणि मग तुझं गॅसवर काहीतरी करपायला लागतं. म्हणून आज दुकान बंद ठेवून लिहायला बसले आहे. दुकान बंद म्हटल्यावर लगेच घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे.

दुकान बाबांच्या वेळी होतं तसंच आहे. तोच काचेचा काउंटर, दारात तोच वजनकाटा, मागच्या खोलीत तेच डुगडुगणारं स्टूल. लोक मात्र आता औषधं मोबाइलवर मागवतात आणि ती जेवणाआधी घ्यायची की नंतर हे विचारायला माझ्याकडे येतात. मी आधी चार शब्द सुनावते आणि मग सांगते. माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून म्हणत आली आहेस, आता सगळ्या गल्लीचं तेच मत झालंय. मला त्यांनी नाव काय ठेवलंय माहीत आहे? ‘कडू औषध’. हे मला मागच्या रस्त्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरुण आहे, तुझ्या लेकीएवढी असेल, हसरी आहे, आणि माझ्या तोंडावर असं काही बोलायची हिंमत असलेली ती एकटीच आहे.

तिचा दवाखाना नवीन सुरू झाला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची वेळ, काउंटरवर गर्दी. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीच्या माथ्यावर काय छापलंय ते आम्ही औषधवाले कधी वाचत नाही. औषध बघायचं, नाव बघायचं, वय बघायचं. औषधं हृदयाची होती. एक हृदयाचा जोर वाढवणारी, एक अंगातलं साठलेलं पाणी उतरवणारी. नाव, धाकटा. वय, अकरा. वजन, नऊ किलो. ताई, माझ्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षांचं पोर आणि नऊ किलो! मी सगळ्यांसमोर त्या गृहस्थांना फैलावर घेतलं. म्हटलं, पोराला घरात खायला घालता की नाही? ते शांतपणे म्हणाले, घालतो की, सकाळी अंडं, दुपारी भात, पण परवापासून पायपुसणं खातोय. मी म्हटलं, काय खातोय? तर म्हणाले, पायपुसणं, आणि माझी एक चप्पल, डावी. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी तोंडावर हात नेला. मी आता पोलिसांनाच फोन लावणार होते. तेवढ्यात ते जरा बाजूला सरकले आणि त्यांच्या पायाशी पेशंट दिसला. आखूड पाय, लांब कान, पोट टम्म, आणि आपला वजनकाटा मन लावून चाटत बसलेला.

सगळं दुकान हसलं. मी हसले नाही. मी म्हटलं, मग चिठ्ठीवर कुत्रा असं लिहायला काय झालं होतं? ते म्हणाले, त्याला कुत्रा म्हटलेलं आमच्या घरात चालत नाही. पुढे कळलं की त्यांचा मुलगा परदेशात असतो, तो थोरला. तो गेल्यावर घर खायला उठलं म्हणून त्यांच्या बायकोने हे पिल्लू आणलं, तो धाकटा. मग ती गेली आणि घरात हे दोघं उरले. डॉक्टरीणबाईंनी पेशंटचं नाव विचारलं, ह्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. चूक म्हटली तर कुणाचीच नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतली पोरंटोरं मला ‘पायपुसणं आहे का?’ विचारून पळायची.

हे गृहस्थ लिफ्टवाले. म्हणजे जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली, आता निवृत्त. मी त्यांना लिफ्टवालेच म्हणते. धाकट्याच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तर ह्यांनी तिला विचारलं, वॉशर बदलता येत नाही का? तिने सरळ सांगितलं की येत नाही. ह्या गोळ्यांनी झडप दुरुस्त होणार नाही. पण फुप्फुसात पाणी भरणार नाही, धाप कमी लागेल, दिवस बरे जातील. किती दिवस ते कुणी सांगू शकणार नाही, गोळी मात्र एकही चुकवायची नाही. लिफ्टवाल्यांनी ते मनावर घेतलं. जोर वाढवणारी गोळी उपाशीपोटी, मग तासभर थांबायचं, मग पाण्याची गोळी अंड्याच्या बलकात लपवून. धाकटा अंडं खायचा आणि गोळी चाटूनपुसून बशीत ठेवायचा. तीच गोळी मग पुन्हा, पुन्हा, आणि शेवटी जबडा उघडून जिभेच्या मागे. तो झोपला की शेजारी बसून त्याचे श्वास मोजायचे आणि वाढले तर दवाखान्यात धाव घ्यायची. आणि पाणी उतरवणाऱ्या गोळीने काय होतं ते तुला भावोजींवरून माहीतच आहे. दिवसातून कितीदा जिने उतरायचे त्याला सुमार नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः राहतात बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. धाकट्याला काखोटीला मारून खाली आणायचे, वर न्यायचे.

दर महिन्याला यायचे. आल्यावर आधी काटा. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं, म्हणून वजनावर लक्ष ठेवायचं. धाकटा एकटा काट्यावर उभा राहील तर शपथ, म्हणून लिफ्टवाले त्याला उचलून उभे राहायचे, मग त्याला खाली ठेवून एकटे, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं. ह्याचा परिणाम असा झाला की मला दर महिन्याला त्यांचंही वजन कळायला लागलं. धाकट्याचं जागच्या जागी होतं, ह्यांचं उतरत होतं. एकदा मी म्हटलंच, पेशंटला अंडं आणि तुम्हाला काय? ते म्हणाले, जे काय समोर येईल ते. मी म्हटलं, समोर आपोआप काही येत नसतं. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्यासाठी डबा करून ठेवायला लागले. वाचलीस ना ओळ? परत वाच हवी तर. मी, डबा. तू किती वर्षं कानीकपाळी ओरडलीस आणि मला धड भाजी येत नव्हती.

गोळ्या अर्ध्या कराव्या लागायच्या. त्यांचे हात लोखंडी दोरखंड ओढलेले, त्यात गोळीचा चुरा व्हायचा. म्हणून महिन्याभराच्या गोळ्या मीच कापून द्यायची. हे काम मी दुसऱ्या कुणासाठी करत नाही. मी कापायची आणि ते उभ्या उभ्या लिफ्टच्या गोष्टी सांगायचे. एकदा एक नवराबायको भांडत भांडत लिफ्टमध्ये शिरले आणि लिफ्ट मधेच अडकली. हे तासाभराने पोहोचले, वरून आवाज दिला, आता काढतो हं तुम्हाला, तर आतून बाई म्हणाली, अजून थोडा वेळ लागला तरी चालेल. ही गोष्ट ऐकताना माझ्या दोन गोळ्या वाकड्या कापल्या गेल्या. ताई, मी फार हळू कापायला लागले होते. हे मला तेव्हा कळलं नाही, डॉक्टरीणबाईला कळलं. ती एकदा मलम घ्यायला आली आणि म्हणाली, काकू, एवढ्या गोळ्यांना एवढा वेळ लागतो? मी तिला मलमाच्या दुष्परिणामांवर मोठं व्याख्यान दिलं.

उन्हाळ्यात धाकटा फिरताना चक्कर येऊन पडला. उठला लगेच, पण गोळ्या वाढल्या, तिसरी एक सुरू झाली. त्या दिवशी लिफ्टवाले आले, चिठ्ठी ठेवली, गोळ्या घेतल्या आणि निघाले. ते गेल्यावर मी मागच्या खोलीत स्टुलावर बसले आणि मनात जे आलं ते तुला जसंच्या तसं सांगते. ह्या कुत्र्याचं काही झालं तर हा माणूस माझ्या दुकानात कशाला येईल? ह्याला स्वतःला ना साखर, ना दाब, साधी डोकेदुखीसुद्धा नाही. इतका धडधाकट माणूस औषधवालीच्या काय कामाचा? आणि मग माझी मलाच लाज वाटली. तो मुका जीव श्वासासाठी झगडतोय आणि मी माझं गणित मांडून बसले आहे. पण वाटलं ते वाटलं. त्या दिवसापासून मी धाकट्याच्या हृदयाची जेवढी काळजी केली तेवढी बाबांच्या हृदयाचीही केली नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची मुख्य गोळी बाजारातून गायब झाली. माझा घाऊकवाला नुसता हात वर करून मोकळा. मी दुपारीच शटर ओढलं, दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या गोदामात गेले, तिथल्या माणसाशी हुज्जत घातली आणि तीन महिन्यांचा साठा घेऊन आले. लिफ्टवाल्यांना सांगितलं, माणूस पाठवला होता. ते माझ्या चपलांकडे बघत होते. त्या चिखलाने भरलेल्या होत्या. ते फक्त म्हणाले, माणसाला माझे आभार सांगा. त्या गोळ्यांवर धाकट्याने पुढचे महिने छान काढले. दुकानात यायचा, काट्यावर आडवा व्हायचा, गिऱ्हाइकांना वळसा घालून जावं लागायचं आणि कुणाची तक्रार नव्हती. मला बघून शेपटी हलवायचा. मी गोळीवाली, माझा खरं तर त्याने रागच करायला हवा होता.

धाकटा गेला त्याला आता दोन महिने होतील. सकाळी खाऊन गॅलरीत उन्हात झोपला आणि झोपेतच गेला. मला डॉक्टरीणबाईने येऊन सांगितलं. सांगताना तिचेच डोळे भरले होते. म्हणाली, काकू, इतके दिवस तो जगेल असं मला वाटलं नव्हतं, त्यांनी एक गोळी चुकवली नाही. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, परत उघडलं. भेटायला जावंसं वाटत होतं. पण जायचं ते कोणत्या नात्याने? औषधवाली म्हणून? माणूस गेल्यावर कुणाच्या घरी जायचं, काय बोलायचं, हे सगळं ठरलेलं असतं. कुत्रं गेल्यावर काय करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी गेले नाही. रोज रस्त्याकडे बघत बसायची. गिऱ्हाइकांना सुनावणंसुद्धा बंद झालं, तर लोक विचारायला लागले, बरं नाही का?

आणि मग त्यांचा नेहमीचा दिवस उजाडला, नेहमीची वेळ झाली, आणि ते आले. हात मोकळे. दारातल्या काट्याला वळसा घालून काउंटरशी उभे राहिले, खिशातून तीच चिठ्ठी काढली, घडी उलगडून काचेवर ठेवली आणि म्हणाले, नेहमीचं द्या. माझा हात सवयीने फळीकडे गेला. गोळ्यांचा डबा काढला, गोळ्या कापायचं पातं पुढे ओढलं. तुला खोटं कशाला सांगू, ताई, मोह झाला. देऊन टाकाव्यात गोळ्या. मी देईन, ते नेतील, पुढच्या महिन्यात परत येतील, मी परत कापीन, ते परत लिफ्टची गोष्ट सांगतील. कुणाला काय नुकसान आहे? पण जो जीवच नाही त्याच्या नावाने गोळी कशी कापू? मी डबा मिटला. म्हटलं, मला कळलंय. त्यांनी चिठ्ठीची परत घडी घातली. मग म्हणाले, तुम्हाला कळलं असणार हे मला माहीत होतं. पण दारापर्यंत आलो आणि दुसरं काय मागावं ते सुचेना. मी म्हटलं, निदान खोकल्याच्या गोळ्या तरी मागायच्या. तर हा भला माणूस म्हणतो, पण मला खोकला नाही.

मी रडले, ताई. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ‘कडू औषध’ ढसाढसा रडली. एका बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि आपली थंडीतापाची बाटली न घेताच निघून गेल्या. मग मी शटर ओढलं आणि त्यांना मागच्या खोलीत बसवलं. चहा केला. त्यांनी धाकट्याच्या शेवटच्या सकाळचं सगळं सांगितलं. त्या दिवशी त्याने गोळी बशीत काढून ठेवली नव्हती, पहिल्यांदाच मुकाट्याने गिळली होती. मग बायकोचं सांगितलं, इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं ते. मी बाबांचं सांगितलं. तुझंही सांगितलं, आई गेल्यावर माझ्या वेण्या तूच घालायचीस आणि इतक्या घट्ट घालायचीस की माझे डोळे बारीक व्हायचे, ते. चहा दोनदा झाला. दोन्ही वेळा मी साखर विसरले आणि ते तसाच प्याले.

त्यानंतर ते येतच राहिले. काही न घेता. काउंटरच्या त्या बाजूला उभे राहायचे, म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या रिक्षापर्यंत पोहोचवायचे. काल मी दिवा मालवत होते तेव्हा म्हणाले, आता औषध लागत नाही, तरी असं रोज आलो तर चालेल का? मी म्हटलं, गिऱ्हाईक रोज येत नसतं. ते म्हणाले, गिऱ्हाईक म्हणून नाही विचारत. ताई, तुझ्या बहिणीची जीभ, जी जन्मभर कुणासाठी थांबली नाही, ती जागच्या जागी थिजली. शेवटी एवढंच म्हटलं की माझ्या घरात मोठं म्हणून एकच माणूस आहे, माझी ताई. तिला फोन करून बघते. ते म्हणाले, फोन नको, फोनवर माणूस दिसत नाही, मी स्वतःच जाऊन येतो.

तर आता का लिहिते आहे ते सांगते. ह्या खेपेला तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या मी नेहमीसारख्या कुरिअरने पाठवल्या नाहीत. ज्यांनी त्या पुडीबरोबर हे पत्र तुझ्या हातात दिलं, तेच लिफ्टवाले. तू पाकीट दारातच फोडलं असणार आणि हे एवढं लांबलचक पत्र उभ्या उभ्या वाचत असणार. ते मात्र ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसणारे नाहीत, म्हणजे इतका वेळ ते तुझ्यासमोर उभेच आहेत. त्यांना आत घे. पत्रात काय आहे हे त्यांना माहीत नाही, कारण माझं उत्तर मी त्यांना दिलेलंच नाही. समोर उभं राहून म्हणायला मला जमलं नाही. ताई, माझं ‘हो’ आहे. तू मोठी आहेस, तुझ्या तोंडून सांग. पण आधी पाणी दे, खूप लांबून आले आहेत.

तुझीच,
बेबी